अज्ञात इसमांकडून

‘अज्ञात इसम’ हे दोन शब्द आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यात ते असतात, सकाळच्या वर्तमानपत्रात असतात. गुन्हा घडला, पण तो कुणी केला हे अजून कळलेलं नाही, एवढाच त्यांचा अर्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र अशाच अर्थाच्या शब्दांनी काही पिढ्या फार निराळं काम केलं. एखाद्या काळ्या माणसाला जमावानं ठार मारलं, की कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, प्रेत पाहायचा आणि कागदावर लिहायचा, की मृत्यू अज्ञात इसमांच्या हातून झाला. कागद दप्तरी दाखल व्हायचा आणि प्रकरण संपायचं.

आता हे अज्ञात इसम कसे होते ते पाहा. अनेकदा ते भरदिवसा जमत. पुष्कळ ठिकाणी तोंडावर साधं फडकंही नसे. फोटोग्राफर हजर असे आणि प्रेताभोवती उभं राहून, कॅमेऱ्याकडे पाहत, लोक फोटो काढून घेत. त्या फोटोंची पोस्टकार्डं छापली जात, विकली जात, नातेवाइकांना धाडली जात. अशा पोस्टकार्डांचं आणि फोटोंचं एक प्रदर्शन सन २००० मध्ये न्यूयॉर्कला भरलं होतं. ते फोटो पाहताना आपली नजर प्रेतावरून हटते आणि भोवतीच्या चेहऱ्यांवर जाऊन खिळते. मारणारे कोण हे गावाला ठाऊक होतं. कागदावर मात्र ते अज्ञात राहिले. आणि काळाच्या ओघात खरोखर अज्ञात झाले ते मेलेले. त्यांची नावं पुसली गेली, कबरींवर दगड बसले नाहीत, घरच्यांनी तोंडं मिटली. ही उलटी झालेली नोंद सरळ करण्याचं काम तिथल्या साध्यासुध्या माणसांनी कसं केलं आणि अजून कसं चालवलं आहे, त्याविषयी मला आज बोलायचं आहे.

या प्रकाराला इंग्रजीत लिंचिंग म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘झुंडबळी’ हा शब्द रुळला आहे. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्यानं गेली. काळ्यांना नागरिकत्व मिळालं, पुढे पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. पण १८७७ मध्ये केंद्र सरकारनं दक्षिणेतल्या राज्यांच्या कारभारावरची लष्कराची नजर काढून घेतली आणि सत्ता पुन्हा जुन्या मालकवर्गाच्या हाती गेली. कायद्यानं दिलेलं दहशतीनं काढून घेता येतं, हे त्या वर्गाला पक्कं माहीत होतं. कारण काहीही पुरे. गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याचा नुसता संशय, मालकाशी मजुरीवरून झालेली बाचाबाची, मत द्यायला जाण्याचं धाडस, नाहीतर रस्त्यात गोऱ्याला वाट न देणं. शिक्षा एकाला व्हायची, धडा मात्र साऱ्या वस्तीला मिळायचा. काळ्यांखेरीज मेक्सिकन, चिनी, आणि काही गोरेही झुंडीला बळी पडले. पण दक्षिणेत या हत्यांचं मुख्य लक्ष्य कोण होतं, याविषयी आकडे शंका ठेवत नाहीत.

हे आकडे तरी कुठून आले? सरकारनं ते मोजलेच नव्हते. मोजायला सुरुवात केली वर्तमानपत्रांनी आणि त्या मोजणीचं शस्त्र केलं एका तरुण बाईनं. तिचं नाव आयडा बी. वेल्स. १८६२ मध्ये ती मिसिसिपी राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. पुढे शिक्षिका झाली आणि टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात एक वर्तमानपत्र चालवू लागली. १८९२ च्या मार्चमध्ये तिथे तीन काळ्या माणसांना तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट अशी त्यांची नावं. तिघांचा संबंध एका किराणा दुकानाशी होता. ते दुकान चांगलं चालत होतं आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. मॉस हा वेल्सचा जवळचा मित्र. तोपर्यंत, झुंडीनं मारलेल्या माणसानं काहीतरी भयंकर केलेलं असणार, असं इतरांप्रमाणे तिलाही वाटत असे. मॉसला तर ती स्वतः ओळखत होती. मग तिनं एकेक प्रकरण तपासायला घेतलं.

तिची पद्धत साधी आणि चोख होती. आकडे तिनं गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतले, मुख्यतः ‘शिकागो ट्रिब्यून’मधून. म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप कुणाला करता येऊ नये. त्यातून तिनं दाखवलं, की मारल्या गेलेल्यांपैकी बलात्काराचा नुसता आरोप होता तोही जेमतेम एक तृतीयांश लोकांवर. उरलेल्यांची ‘कारणं’ अगदीच किरकोळ होती. याचं बक्षीस तिला लगेच मिळालं. ती बाहेरगावी असताना जमावानं तिच्या वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं आणि मेम्फिसला परतलीस तर जिवंत राहणार नाहीस, अशा धमक्या आल्या. ती परतली नाही. पण १८९२ मध्ये एक आणि १८९५ मध्ये दुसरी पुस्तिका तिनं छापली. दुसऱ्या पुस्तिकेत तर नावं, तारखा, ठिकाणं आणि आरोप यांच्या याद्याच आहेत. १९३१ मध्ये ती वारली. पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक समितीनं तिच्या कामाचा विशेष गौरव केला, तो २०२० मध्ये.

तिच्यानंतर हे काम मन्रो वर्क नावाच्या अभ्यासकानं चालवलं. तोही गुलामगिरीत राहिलेल्या आईबापांचा मुलगा. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेत १९०८ पासून त्यानं नोंदी आणि संशोधनाचा विभाग उभारला. देशभरातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं तिथे जमत, तपासली जात आणि दरवर्षी झुंडबळींचा आकडा वर्तमानपत्रांकडे पाठवला जाई. संस्थेच्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसं मारली गेली. त्यांतली ३,४४६ काळी होती. न्यूयॉर्कला काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेनं आणखी एक गोष्ट केली. कुठे झुंडबळीची बातमी आली, की तिच्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर एक काळा झेंडा लागे. काल एका माणसाला झुंडीनं मारलं, एवढंच त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असे. खालच्या रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ते वाचावं. १९२० मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९३८ मध्ये थांबली, कारण जागेच्या मालकानं भाडेकरार मोडण्याची धमकी दिली.

तुम्ही म्हणाल, आकडे जमले होते, मग राहिलं काय? राहिली ती माणसं. यादीत नाव चुकीचं लिहिलेलं असे, कधी नुसतं पहिलं नाव, कधी नुसतंच ‘एक अनोळखी निग्रो’. मूळ बातमी देणारं वर्तमानपत्र बहुधा झुंडीच्या बाजूचं. त्यामुळे मेलेल्याची बाजू, त्याचा धंदा, त्याची बायकामुलं यांचा पत्ताच नसे. एकच हत्या दोन गावांच्या नावांनी दोनदा नोंदली गेल्याची उदाहरणं पुढच्या अभ्यासकांना सापडली, तशा मुळीच न नोंदलेल्याही सापडल्या. शिवाय झुंडबळी म्हणायचं कशाला, यावरच वाद होता. १९४० मध्ये टस्कीगीला एकत्र येऊन संघटनांनी एक व्याख्या ठरवली. माणूस मेल्याचा कायदेशीर पुरावा हवा, त्याचा मृत्यू बेकायदा झालेला हवा, त्यात किमान तिघांचा गट सामील हवा आणि न्याय, वंश किंवा परंपरा यांच्या नावाखाली ते कृत्य झालेलं हवं. या चौकटीत न बसणारे कितीतरी मृत्यू यादीबाहेर राहिले.

आज एखाद्या गावातली मंडळी असं एखादं नाव शोधायला बसतात तेव्हा काय करतात, ते थोडक्यात सांगतो. हे लोक म्हणजे निवृत्त शिक्षक, चर्चमधले लोक, कॉलेजची मुलं, कधी मेलेल्याचे वंशज. आधी जुनी वर्तमानपत्रं पाहायची, पण एक नव्हे, दोनतीन गावांची. मग जनगणना. अमेरिकेत दर दहा वर्षांनी घरोघरी नावं लिहिली जातात आणि ७२ वर्षांनंतर ते कागद सगळ्यांना खुले होतात. त्यातून त्या माणसाचं घर, वय, धंदा, मुलं हाती लागतात. मग मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी, सैन्यभरतीची कार्डं, चर्चची रजिस्टरं. यातही खड्डे आहेत. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद आगीमुळे नष्ट झाले. आणि १८७० च्या मागे गेलं, तर गुलामांची नावंच नाहीत. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, गुलामाचं वय आणि लिंग आहे, पण बहुतेक ठिकाणी नाव नाही. ज्यांच्या आजोबांचं नाव सरकारनं कधी लिहिलंच नाही, त्यांच्या घरात नावाची नोंद ही काय चीज असते, हे आपल्याला यावरून कळावं.

कागदांपेक्षा अवघड असतं ते बोलतं करणं. ज्या घरातला माणूस मारला गेला ते घर बहुधा रातोरात गाव सोडून उत्तरेला शिकागो, डेट्रॉइटकडे गेलं. मुलांना कारण सांगितलं नाही, कारण सांगण्यात धोका होता. मारणाऱ्यांच्या घरांतही गप्पच राहिले, पण कारण वेगळं. दोन्हीकडचं मौन मोडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. यातलं एक उदाहरण सांगतो, आणि ते मुद्दाम दक्षिणेतलं घेत नाही.

उत्तरेकडे मिनेसोटा राज्यात एका मोठ्या सरोवराच्या काठी डलूथ नावाचं बंदराचं शहर आहे. जून १९२० मध्ये तिथे एक सर्कस आली होती. एका गोऱ्या तरुणीवर सर्कशीतल्या काळ्या कामगारांनी बलात्कार केला, अशी आवई उठली. डॉक्टरनं तपासणी केली, तीत तसा पुरावा मिळाला नव्हता. तरी १५ जूनच्या रात्री हजारोंचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला आणि इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी या तीन तरुणांना बाहेर ओढून भर चौकात दिव्याच्या खांबाला फाशी देण्यात आलं. खुनासाठी शिक्षा कुणालाच झाली नाही. तिघांना दंगलीबद्दल शिक्षा झाली आणि तेही दीड वर्षाच्या आत सुटले. उलट त्या सर्कशीतलाच मॅक्स मेसन नावाचा काळा कामगार मात्र बलात्काराच्या आरोपाखाली काही वर्षं तुरुंगात राहिला.

पुढे सगळं शहर गप्प बसलं. शाळेच्या पुस्तकांत हे नव्हतं. १९७९ मध्ये तिथल्याच एका लेखकानं या घटनेवर पुस्तक लिहिलं. १९९१ मध्ये तिघांच्या बेवारस कबरींवर नावांचे दगड बसले. मग नागरिकांची एक समिती झाली, वर्गणी जमली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये, जिथे फाशी दिली त्याच चौकाच्या कोपऱ्यावर तिघांचे पूर्णाकृती पुतळे असलेलं स्मारक उघडलं. त्या समारंभात झुंडीत पुढे असलेल्या एका माणसाचा पणतू उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली. आपल्या पणजोबाचा यातला हात त्याला स्वतःच्या घराण्याची माहिती शोधताना कळला होता. जून २०२० मध्ये मॅक्स मेसनला राज्यानं मरणोत्तर माफी दिली. मिनेसोटात मरणोत्तर माफीची ही पहिलीच वेळ. त्या माफीला पाठिंबा देणाऱ्यांत शहराचा तेव्हाचा पोलीसप्रमुखही होता आणि तो त्या तक्रारदार तरुणीच्याच घराण्यातला होता. शंभर वर्षांनी का होईना, हे सगळं घडलं, कारण कुणीतरी आधी तीन नावं नीट शोधून दगडावर कोरली होती.

दक्षिणेत जॉर्जिया राज्यातल्या मूर्स फोर्ड पुलाजवळ २५ जुलै १९४६ रोजी दोन जोडप्यांना जमावानं गोळ्या घातल्या. जॉर्ज आणि मे मरे डॉर्सी हे एक, रॉजर आणि डॉरथी माल्कम हे दुसरं. जॉर्ज डॉर्सी दुसऱ्या महायुद्धात लढून नुकताच घरी परतला होता. शंभरावर साक्षीदार तपासले गेले, पण कुणावरही खुनाचा खटला उभा राहिला नाही. १९९७ मध्ये काळ्या-गोऱ्या नागरिकांनी मिळून एक समिती केली. त्यांनी हरवलेल्या कबरी शोधल्या, दगड बसवले. १९९९ मध्ये रस्त्याकडेला राज्याच्या इतिहासफलकांच्या मालिकेत या घटनेचा फलक लागला आणि डॉर्सीला सैनिकाला साजेसा लष्करी मान मिळाला. शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही.

अशा विखुरलेल्या प्रयत्नांना एक मोठं घर मिळालं ते अलाबामाच्या माँटगोमेरी शहरात. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलानं १९८९ मध्ये तिथे गरीब आरोपींची बाजू लढवणारी संस्था काढली. तिनं काही वर्षं खपून जुन्या याद्या पुन्हा तपासल्या आणि १८७७ ते १९५० या काळातल्या ४,४०० हून अधिक काळ्या झुंडबळींची नोंद सिद्ध केली. त्याआधीच्या बारा वर्षांतले सुमारे दोन हजार वेगळे. एप्रिल २०१८ मध्ये या सर्वांचं स्मारक उघडलं. तिथे पोलादाचे आठशेवर स्तंभ आहेत. प्रत्येक स्तंभ एका कौंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, आणि त्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावं. सुरुवातीला स्तंभ आपल्या डोळ्यांच्या पातळीला असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात.

मला स्वतःला या स्मारकापेक्षाही त्याच संस्थेचा मातीचा उपक्रम महत्त्वाचा वाटतो. २०१५ पासून गावोगावचे लोक हत्येच्या जागी जातात, खुरप्यानं तिथली माती काढतात आणि काचेच्या बरणीत भरतात. बरणीवर नाव, तारीख आणि ठिकाण लिहितात. कुठली माती तांबडी, कुठली काळी, कुठली वाळूमिश्रित. अशा शेकडो बरण्या आता माँटगोमेरीत रांगेनं मांडल्या आहेत. मेलेल्या माणसाला मूठमाती देणं हे आपल्याकडे शेवटचं कर्तव्य मानतात. यांतल्या कित्येकांचे मृतदेह घरच्यांच्या हाती धड लागलेच नव्हते. पणतवंडं येऊन त्या जागची मूठभर माती उचलतात, तेव्हा राहून गेलेलं ते कर्तव्यच एका परीनं पुरं होत असावं.

हे सगळं बिनविरोध चाललं आहे असं मात्र समजू नका. एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. शिकागोचा हा मुलगा ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला होता. त्याला पळवून, छळून ठार मारण्यात आलं आणि प्रेत नदीत टाकलं. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. सुटल्यावर त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुलीही दिली. तेही सुरक्षितपणे, कारण एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली होती, जगानं पाहावं म्हणून. २००७ मध्ये तिथल्या नागरी समितीनं जाहीर माफी मागितली आणि २००८ मध्ये नदीकाठी फलक लावला. तो चोरीला गेला. दुसरा लावला, त्याची गोळ्यांनी चाळण झाली. २०१८ मध्ये तिसरा लावला, त्यालाही महिन्याभरात गोळ्या लागल्या. शेवटी २०१९ मध्ये जाड पोलादाचा, गोळी आरपार न जाणारा फलक बसवावा लागला. २०२३ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली.

गाडलेली मढी उकरायची कशाला, असा प्रश्न तिथेही विचारला जातो, आणि तो विचारणारे सगळेच दुष्ट नसतात. काही वंशजांनाही ती आठवण नको असते, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण फलकावर गोळ्या झाडणाऱ्यांनी, नकळत का होईना, या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. विषय खरोखर मेलेला असता, तर एका लोखंडी पाटीवर कुणी काडतूस वाया घालवलं नसतं. दुसरं असं, की ही मढी नीट गाडलेलीच नव्हती. झुंडबळीविरुद्धचं पहिलं महत्त्वाचं विधेयक १९१८ मध्ये मांडलं गेलं, १९२२ मध्ये ते एका सभागृहात मंजूर झालं आणि दुसऱ्यात अडवलं गेलं. त्यानंतरही कितीतरी विधेयकं आली आणि पडली. २००५ मध्ये सेनेटनं या दिरंगाईबद्दल माफी मागितली. आणि झुंडबळी हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला मार्च २०२२ मध्ये. त्याला नाव दिलं आहे एमेट टिलचं. याद्या करणाऱ्यांच्या तीन-चार पिढ्या त्याआधी झिजल्या होत्या.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्या दूरच्या माणसांचं दुःख आणि कर्तृत्व त्यांना आपल्या घरचं वाटलं. तेव्हा हा विषय आपल्याला परका वाटायचं कारण नाही. जमाव कुणाला मारतो आणि कागद काय लिहितो, हा प्रश्न कुठल्याही देशात विचारता येतो. अमेरिकेतल्या या लोकांनी त्यावर काढलेला उपायही कुठल्याही गावात करता येण्याजोगा आहे : नाव शोधा, तारीख लिहा, जागा दाखवा, आणि ते गावानं वाचावं अशा ठिकाणी लावा.

माँटगोमेरीच्या त्या स्तंभांवर काही ठिकाणी नाव नाही. तिथे नुसता ‘अज्ञात’ असा शब्द कोरलेला आहे. हत्या झाल्याचं सिद्ध झालं, माणूस मात्र सापडला नाही. कुठल्या तरी गावच्या ग्रंथालयात कुणीतरी अजूनही जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळत असतं, ते त्या एका शब्दाच्या जागी नाव लिहिता यावं म्हणून.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)